रुमालाखाली ठरलेली फी

कॉलेजची फी वसूल होते का, असं हल्ली नातवंडं मला विचारतात. मला! मी चौथीत शाळा सोडली, पुढचं जे काही वाचलं ते वाण्याकडच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचलं. कॉलेजची पायरी चढले ती एकदाच, नणंदेची सोबत म्हणून. पण त्या दिवशी फीचा जसा सौदा झाला तसा परभणीत कुणी केला नसेल, म्हणून सांगते.

आमचं गाव ताडकळसच्या पलीकडं. सासऱ्यांना आम्ही सुना मामंजी म्हणायचो. बैलांचे मोठे दर्दी. लेकीच्या पत्रिकेपेक्षा बैलाचे दात जास्त बारकाईनं बघणारे. नणंद बारावी पास झाली आणि चारठाण्याकडून बागायतदाराचं स्थळ आलं, दोन्ही एकाच आठवड्यात. तिला कॉलेज पाहिजे होतं. मामंजी म्हणाले, "माल बघू. पटला तर कॉलेज, न्हाई तर चारठाणा." पोरगी दोन दिवस जेवली नाही. मामंजींनी बैलाला पेंड घातली आणि म्हणाले, चला.

फीच्या खिडकीशी पोरांची ही गर्दी. मामंजी सगळ्यांना कोपरानं बाजूला सारून पुढं गेले, खांद्यावरचा रुमाल उजव्या हातावर टाकला आणि हात सरळ खिडकीतून आत घातला. "द्या हात."

बाजारात जनावराचा भाव कुणी तोंडानं बोलत नसतं. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात रुमालाखाली जातो, बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं सोडून नाकारायचा. बघणाऱ्याला फक्त कापड हललेलं दिसतं. आधी जो हात काढील त्यानं सौदा मोडला. मामंजींना वाटलं, फी पण अशीच ठरत असणार.

कारकुनाला वाटलं भलतंच. त्यानं इकडंतिकडं बघितलं, रुमालाकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "काका, हितं नको. मागच्या दारानं या."

"मागच्या दारानं?" मामंजी असे ओरडले की पोरं फी विसरून बघायला लागली. "मागच्या दारानं चोरीचं जनावर इकत्यात! माझी लेक उजळ माथ्यानं शिकणार हाय."

कारकुनाचा चेहरा पडला. त्यानं घाईघाईनं भिंतीवरचा फलक दाखवला. "अहो, फी ठरलेली हाय. त्यात कमीजास्त न्हाई."

"भाव भिंतीवर लिवून ठिवला? म्हंजी गिऱ्हाईक नसलेला पडेल माल हाय!"

मग त्यांना मालाची परीक्षा करायची होती. दूध काढून बघितल्याशिवाय म्हैस घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. व्हरांड्यातून चालत गेले आणि एका वर्गाच्या दारात उभे राहिले. आत प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या कागदांवरून वाचत होते, पोरं उतरवून घेत होती, मागच्या बाकावर दोघं खुशाल झोपले होते. मामंजी बराच वेळ ऐकत राहिले.

"ह्यो तर नुसता वाचून दाखवायलाय," ते म्हणाले. "पुस्तक घरी आणलं तर आपली सूनबी वाचून दाखवल. फुकट."

खोटं कशाला बोलू, मी क्षणभर फुगले. मग नणंदेचं तोंड बघितलं आणि फुगा फुटला.

"भाकड हाय. चला, बस गाठू," म्हणत मामंजी वळले, आणि नणंद आडवी आली. त्यांच्या हातावरचा रुमाल वर केला आणि आपला हात आत घातला.

बायकांनी बाजारात उभं राहायचं नाही असा तो काळ, आणि ही बापाशी सौदा करते! मामंजी गोंधळले. कापड हललं. थांबलं. परत हललं. मामंजींच्या मिशा हलल्या. "एवढं?" ते म्हणाले. "बोलू नका आबा, बोटानं सांगा," ती म्हणाली. शिपाई घंटा वाजवायचं सोडून बघत होता. शेवटी मामंजींनी हात काढला तो सौदा झाल्यावरच, आणि मुकाट खिडकीशी जाऊन भिंतीवर होती तेवढी फी भरली.

पुढं विद्यापीठाच्या नावावरून आमच्याकडं भडका उडाला. कुणाकुणाची घरंदारं जळाली. आमचं नुसतं कॉलेज बंद पडलं, म्हणून मला हे हसत सांगता येतं. महिना गेला, दुसरा लागला. फी भरलेली आणि पोरगी घरात शेंगा फोडत बसलेली. तेवढ्यात चारठाण्याच्या मुलाचा मामा दारात हजर.

"पाटील, दुकान बंद पडलं की. आता तरी द्या पोरगी. फी बुडाली म्हणायची."

मी दाराआड, नणंद माझ्यामागं, तिचा श्वास माझ्या मानेवर. मामंजींनी पान जुळवलं, खाल्लं.

"जनावर घरी आणल्यावर आटलं," ते म्हणाले, "म्हणून लेकीसंगं झालेला सौदा मोडायचा? जमायचं न्हाई, पाव्हणं."

"असा काय सौदा ठरलाय लेकीसंगं?"

मामंजींनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि मांडीवरच्या हातावर टाकला.

नणंद पदवीधर झाली, तीन वर्षांपेक्षा जास्तच लागली. दरवर्षी मामंजी त्या खिडकीशी कारकुनाला शिव्या देत फी भरत राहिले. तिनं त्या दिवशी काय कबूल केलं होतं, ते मी हजारदा विचारलं. आता तिचेही केस पिकलेत. हसते आणि पदराखाली हात लपवते, बापासारखीच.