दोनाचं शेपूट

ग्लिसेरिया मनाबातला गावात सगळे आदराने आलिंग सेर्यांग म्हणतात. वय एकसष्ट. तीस वर्षं ती बाजारात पुतो, म्हणजे वाफवलेले तांदळाचे केक, विकते आहे. दोन वर्षांपूर्वी जुना ढोलवाला मुलीकडे सेबू बेटावर राहायला गेला, तेव्हा गावच्या बँडचा ढोल तिने स्वतःच गळ्यात अडकवून घेतला. कुणी दिला नव्हता. परत मागायची कुणाची छातीही झाली नाही.

हात दणकट, हौस दांडगी. कागदाशी मात्र वाकडं. बँडमास्तर ओनोरातोंनी फळ्यावर वर तीन, खाली चार लिहिलं, तर म्हणाली, "म्हणजे चारांतले तीन वाजवायचे आणि एक घरी न्यायचा."

"नाही गं बाई! वरचा आकडा म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या एका घरात ठोके किती. खालचा म्हणजे ठोका केवढा. चार म्हणजे पाव स्वर."

"मग सरळ पाव लिहा ना!"

मास्तरांनी फळाच पुसून टाकला.

यंदा मात्र गळ्याशी आलं. मे महिन्यातल्या संत इसिद्रोच्या मिरवणुकीसाठी चार ठोक्यांची चाल बसवताना दर घरात तुताऱ्या पुढे, ढोल मागे. क्लॅरिनेटवाली दोरोतेया म्हणाली, "मास्तर, तिचाकीवर स्पीकर बांधू. माझ्या फोनमध्ये ढोल आहे. तो चुकत नाही, वर वादही घालत नाही."

"शनिवारपर्यंत जमलं नाही, तर स्पीकर," मास्तर म्हणाले. त्या आठवड्यात सेर्यांगचा पुतो दोनदा चिकट झाला.

शनिवारी मास्तरांनी ढोल खाली ठेवायला लावला. "नुसतं तोंडाने मोज."

"इसा, दालावा, तात्लो, आपात," तिने गावच्या बोलीत एक ते चार मोजलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा मास्तर ताडकन उठले. "दालावा! अगं, तुझ्या दोनाला शेपूट आहे! बाकीचे तिघे आखूड, हा एकटा लांब. आणि शेपूट आत येईपर्यंत तुझा हात दार धरून उभा!"

"मग काय, शेपटावर दार आपटू?"

"आत्ता वाजले किती?"

"आलास दोस," ती म्हणाली. दुपारचे दोन वाजले होते.

"बघ! घड्याळाला स्पॅनिश दोस चालतं, मग ढोलाने काय पाप केलं? उनो, दोस, त्रेस, क्वात्रो."

पाचव्या फेरीला तुताऱ्या आणि ढोल जुळले. दोरोतेयाने स्पीकर तरीही बांधलाच. "असू दे बरोबर," म्हणाली.

रविवारी सकाळी मिरवणूक निघाली आणि पहिल्याच गल्लीत संत इसिद्रो डावीकडे कलले. मूर्ती उचलणारे आठही जण दोन वर्षं सेर्यांगच्या ढोलावर चालत आलेले. दुसरं पाऊल लांबवायची पायांना सवय!

"आलिंग, दोनावर एवढी घाई कसली?" पुढचा कासिमिरो ओरडला. "पाय तरी उचलू द्या!"

दोरोतेयाचं बोट फोनवर गेलं. मास्तरांनी सेर्यांगकडे पाहिलं. ढोल तसूभरही रेंगाळला नाही.

"तोंडातल्या तोंडात दालावा म्हणताय ना, मेल्यांनो?" ती गरजली. "घड्याळातलं मोजा! उनो! दोस!"

"त्रेस! क्वात्रो!" आठ जणांनी घाबरूनच साथ दिली. मागून मेणबत्तीवाल्या बायकाही मोजू लागल्या. संत सरळ झाले.

मास्तर तिचाकीवाल्याजवळ गेले. "पुढच्या वळणावरून घरी जा बाबा. उगाच पेट्रोल जाळू नकोस."

सेर्यांगने ऐकलं. पण मान वळवली नाही. तिचं मोजणं चाललं होतं.