माळढोकासाठी बांधलेला कट्टा

माझ्या गळ्याची पिशवी टर्किश टॉवेलची आहे. सोलापुरात राहून ती दुसऱ्या कशाची असणार? मी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि काठ वाकडा गेलेला टॉवेल घरी नेला तर मालक फक्त भुवया उडवतात. पिशवीच्या आत फुटबॉलचा ब्लॅडर आहे. त्याची नळी कॉलरमधून माझ्या तोंडापाशी येते. मी गुपचूप फुंकतो, पिशवी फुगत जाते, लोंबत लोंबत थेट गुडघ्याला टेकते, आणि समोर सतरंजीवर बसलेली पोरं किंचाळतात. मग मी शेपूट उभी करतो. ती छत्रीच्या काड्यांची आहे. पाठीवर जुनी तपकिरी चादर, डोक्यावर काळी कानटोपी, पायांत पिवळे मोजे. एवढं झालं की मी माळढोक होतो. दरवर्षी वन्यजीव सप्ताहात सोलापूर आणि आसपासच्या शाळांमध्ये मी असा नाचतो. बायको म्हणते, लग्नात नाचायला सांगितलं होतं तेव्हा तुमचे गुडघे दुखत होते.

माळढोक कधी पाहिला नसेल तर तुमचा दोष नाही. कंबरेपर्यंत येणारा, रुबाबात चालणारा, मोकळ्या माळावर राहणारा पक्षी. झाडावर बसत नाही, घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. एवढ्या भोळ्या जिवानं इतकी वर्षं कशी काढली याचंच नवल. खरा नाच मी तरुणपणी एकदाच पाहिला, नान्नजच्या माळावर, मित्राच्या दुर्बिणीतून. नुकतीच उघडीप पडली होती. नर एका उंचवट्यावर आला. चारी बाजूंनी आपण दिसतो आहोत ना याची त्यानं आधी खात्री करून घेतली. अहो, हा कसलेला नट! गळा फुगवला, शेपूट पाठीवर घेतली आणि हुंकार दिला. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हूंम् करावं, तसा.

आणि मग तो थांबला.

मी कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. रंगमंचावर थांबणं काय असतं ते मला ठाऊक आहे. आमच्यातले निम्मे लोक वाक्य विसरल्यावर थांबायचे. पण असा थांबलेला कुणी मी पाहिला नव्हता. मान ताठ, एक पीसही हलत नाही, सगळं अंग कान झालेलं. तो ऐकत होता. बराच वेळ ऐकत राहिला. मग लांबच्या गवतातून एक मान वर आली. मादी.

माझ्या नाचात सगळं जमतं, ते थांबणं तेवढं जमत नाही. हूंम् करून मी गप्प उभा राहिलो की पोरं फिदीफिदी हसतात, कुणीतरी तोंडानं भलताच आवाज काढतं, आणि मास्तर छडी शोधायला लागतात. म्हणून मी ते दोन क्षणांत उरकतो आणि पुढची गिरकी घेतो.

नाच संपला की पाहुणे भाषण करतात. हा आपला वारसा आहे, पुढच्या पिढ्यांसाठी जपला पाहिजे. मी शेपूट मिटून बाजूला बसलेला असतो, घामानं निथळत, आणि मनात विचारतो, कुणाच्या पुढच्या पिढ्या? कारण मी नाचायला लागलो तेव्हा माळावर नर होते. एकेक करत दिसेनासे झाले. एखादी मादी अधूनमधून दिसते म्हणतात. नर म्हणावा तर आता मीच.

“नशीब समजा,” बायको म्हणाली, “अजून तुम्हाला पकडायला कुणी वनखात्याची जीप घेऊन आलं नाही.”

ती अक्कलकोटकडची. माहेरी कानडी बोलतात, त्यामुळे टोमणा ती मराठीत मारते आणि माया कानडीत करते. गळ्याची पिशवी तिनंच शिवून दिली आहे. दरवर्षी उसवते, दरवर्षी ती शिवते.

तर अशाच एका सप्ताहात मी शहरापासून जरा लांबच्या एका गावात नाचलो. शाळेच्या मागे गावाचं गायरान होतं. मुरूम, कुसळी गवत, थोडे दगड, आणि वर हे एवढं आभाळ. तिथं मेंढरं चारणारा एक म्हातारा धनगर माझा नाच खिडकीतून बघत होता. मी टोपी काढली तसा जवळ आला.

“मागचा भाग लई हालवतोस बाबा,” तो म्हणाला. “पर बाकी बरं हाय. हितं येती की एक.”

“काय येती?”

“ढोक. मादी हाय. जवारीच्या रानातनं येती, हुबी ऱ्हाती, जाती.”

त्यानंतर माझे रविवार त्या गायरानात गेले. साध्या कपड्यांत, दुर्बीण घेऊन, बांधाआड बसून. बऱ्याच रविवारी मेंढरांशिवाय काही दिसलं नाही. एका सकाळी ती दिसली. गवतातून चालत आली, थोड्या उंच जागी उभी राहिली आणि मान वर करून स्तब्ध झाली. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. एकदा वाटलं, आपण पिशवी आणायला हवी होती. मग स्वतःचीच लाज वाटली.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ताट वाढता वाढता तिनं विचारलं, “एकटीच?”

“एकटीच.”

“मग काय करत होती तिथं?”

“ऐकत होती.”

“काय?”

मी ताट पुढं ओढलं. ती माझ्या पानात भाकरी टाकत म्हणाली, “साकु री. पुरे आता, जेवा.”

राजस्थानात या पक्ष्याची पिल्लं माणसांच्या देखरेखीखाली वाढवताहेत. उद्या कधीकाळी त्यातला एखादा नर आपल्याकडे आणला, तर त्याला सोडायला तिच्या पायाखालचा तो माळ शिल्लक हवा. उघडा, मोकळा, काही न केलेला. मला एवढंच पाहिजे होतं. त्या गायरानाचं कुणी काही करू नये. आपल्याकडे कुणाला काही करायला लावणं फार सोपं आहे हो. काही करू नका हे सांगून बघा.

उन्हाळ्यात धनगराच्या नातवाचा फोन आला, की गायरानात खड्डे आखताहेत, झाडं लावणार आहेत, ग्रामसभा आहे. मी साहित्य स्कूटरला बांधलं आणि गेलो.

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. सरपंचबाई मध्यभागी. चाळिशीच्या, खणखणीत आवाजाच्या, कामाचा उरक दांडगा. गावात नळ त्यांनी आणले होते, आणि गाव त्यांच्यावर खूश होतं. मला बघून त्या उभ्याच राहिल्या.

“या सर! तुमचंच काम चाललंय. तुमचा नाच बघून आमच्या सासूबाई रडल्या वो. म्हटल्या, एवढं मोठं पाखरू, आन बिचाऱ्याला बसायला एक झाड न्हाय!”

“बाई, ते झाडावर बसत नाही.”

“झाडच न्हाय तर बसंल कुटनं?”

व्हरांडा हसला. मीही हसलो, वाक्य फक्कडच होतं. मग मी समजावायला लागलो. हा माळ पडीक नाही, हाच त्याचा वाडा आहे, त्याला लांबवर दिसायला लागतं, झाडं आली की कावळे येतात, कुत्री आडोसा धरतात, अंडं राहत नाही. लोक मान डोलवत होते. आपल्याकडे मान डोलवणं हे ऐकू येत असल्याची पावती असते, पटल्याची नव्हे.

धनगर कोपऱ्यातून म्हणाला, “मेंढरं कुटं न्यायची ते बी बोला की.”

“आज्जा, तुमाला सावली हुईल. म्हातारपणी उन्हात हिंडताय.”

“सावली खात्यात व्हय मेंढरं?”

बोलून भागेना, तेव्हा मी माझं शेवटचं अस्त्र काढलं. चादर पांघरली, टोपी घातली. सगळ्या सभेला गायरानात नेलं आणि म्हटलं, आता तुम्ही झाडं व्हा. जिथं जिथं खुणा केल्यात तिथं उभे राहा, हात वर करून. माणसं काय खुशीत उभी राहिली म्हणता! ग्रामसेवक गुलमोहर झाले, एक पैलवान करंज झाला, सासूबाईसुद्धा काठी टेकून कडुलिंब झाल्या. धनगराला मी लांब शेवटाला उभं केलं आणि सांगितलं, तुम्ही मादी. “या वयात?” तो म्हणाला, पण गेला.

मग मी मध्ये नाचलो. गळा फुगवला, हूंम् केलं आणि मोठ्यानं विचारलं, “दिसतोय का मी?”

“कोन बोलतंय?” तिकडून मादी ओरडली.

“ऐका! तिला मी दिसत नाही. मला ती दिसत नाही. आमची गाठ कशी पडायची?”

हसून हसून झाडं खाली बसली. शिट्ट्या पडल्या. आयुष्यात इतका दाद देणारा प्रेक्षक मला मिळाला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, मी अर्ध्या वाटेत सभा विसरून नुसताच नाचत होतो. शेवटी सरपंचबाई डोळे पुसत पुढं आल्या.

“पटलं सर. शंभर टक्के पटलं. आमच्या ध्यानातच न्हाय आलं वो हे.”

मी घरी गेलो तो गाणं म्हणत. बायकोला सगळा प्रयोग करून दाखवला, धनगराच्या आवाजासकट. तिनं पिशवी धुऊन दोरीवर वाळत टाकली. माळ वाचला होता.

पुढं कारखान्यात मोठी ऑर्डर आली आणि माझे रविवार मशिनवर गेले. पावसाळा निम्मा सरला तेव्हा सरपंचबाईंचा फोन आला. उद्घाटन आहे, पोशाख घेऊन या, सासूबाई वाट बघतायत. कशाचं उद्घाटन, तर म्हणाल्या, या तर खरं, बघून खूश व्हाल.

गायरानाला तारेचं कुंपण होतं. आत करंज, गुलमोहर, गिरिपुष्प, ओळीनं, प्रत्येकाला हिरवी जाळी, खाली ठिबकची नळी. रोपं चांगली तरारली होती. त्यांची निगा कुणीतरी पोटच्या पोरासारखी राखली होती. आणि बरोबर मध्ये, ती उभी राहायची त्या उंच जागेवर, गोल कट्टा होता. खाली काँक्रीट, वर लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक, चढायला दोन पायऱ्या. कट्ट्यापासून चारी दिशांना सरळ वाटा सोडलेल्या.

“तुमी सांगितलं नव्हतं का, त्याला दिसाया पायजे म्हणून?” सरपंचबाई म्हणाल्या. “म्हणून मध्ये जागा सोडली. नाचायला कट्टा केला. चिखल नको पायाला त्याच्या. आन ह्या वाटा, कुटनं बी बघितलं तरी दिसतोय की.”

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एवढ्या आनंदानं माझ्याकडे कुणी कधी बघितलं नसेल. कुठे कुचेष्टा नव्हती, कुठे लबाडी नव्हती. गावानं माझं अक्षर न् अक्षर ऐकलं होतं. माझ्या नाटकाचं त्यांनी खऱ्याखुऱ्या सिमेंटमध्ये नेपथ्य करून टाकलं होतं.

धनगर कुंपणाबाहेर उभा होता. मी तारेजवळ गेलो. “येते का ती?” मी विचारलं.

“तार लागली त्या हप्त्यात एकदा आल्ती. भायेरनं बघून गेली.” मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघून म्हणाला, “जा, नाच जा. लोक खोळंबल्यात.”

परत फिरावं असं वाटलं. पण सासूबाई खुर्ची पुढं घेऊन बसल्या होत्या, आणि समोर माणसं बसलेली असताना मला परत फिरता येत नाही, हा माझा आजार आहे. मी पोशाख चढवला. दोन पायऱ्या चढलो. त्या पेव्हर ब्लॉकवर पिवळे मोजे घसरत होते. गळा फुगवला, शेपूट उभी केली, गिरकी घेतली. आणि कुंपणापलीकडे ज्वारीचं रान होतं, तिकडे तोंड करून मी हूंम् केलं.

मग मी थांबलो.

या वेळी उरकलं नाही. मान ताठ केली. पिसं म्हणजे चादरच, पण तिचीही सळसळ होऊ दिली नाही. जाळ्यांतली रोपं वाऱ्यानं हलत होती. ठिबकचं पाणी कुठेतरी पाझरत होतं. त्यापलीकडे काही ऐकू येतं का म्हणून मी ऐकत राहिलो. आज कुणी हसलं नाही. पोरंसुद्धा गप्प होती. मी आणखी थांबलो.

सरपंचबाईंना वाटलं संपलं. त्यांनी टाळी वाजवली, मग सासूबाईंनी, मग सगळ्या गावानं. मी वळलो, पिशवी सांभाळत खाली वाकलो आणि नमस्कार केला.