आवाज पळवणारी आत्या

माझ्या आत्यानं आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही. शेजारच्या वहिनींनी एकदा तिच्या कुरड्यांना नावं ठेवली, तर त्यांच्या मुलीच्या लग्नात सगळ्या गल्लीनं गळ घालूनही हिनं कुरड्या करून दिल्या नाहीत. लग्नाला मात्र नटूनथटून गेली आणि पंगतीत बसून, बाजारच्या कुरड्या इतक्या वातड कशा, असं चार पानांपलीकडे ऐकू जाईल इतक्या प्रेमानं विचारून आली. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तिला वचपा-आत्या म्हणत. ती चिडत नसे. "माफ कराले मी काय देव आहो का?" एवढंच म्हणायची आणि पुन्हा भाजी निवडायला घ्यायची.

पण कुरड्यांचा राग हा तिचा वरचा राग होता. खरा राग मोठ्या बाबांवर, म्हणजे तिच्या थोरल्या भावावर. बोरगाव मेघेच्या आमच्या घरात वर आम्ही राहायचो, खाली मोठे बाबा, मोठी आई आणि आत्या. आत्याचं लग्न झालं नव्हतं. आजी अंथरुणाला खिळली तेव्हापासून ती गेली तोवर तिचं सगळं आत्यानं केलं, पुढे मोठ्या बाबांच्या घरचा स्वयंपाक केला, आणि लोक तिला फार सोशिक समजत राहिले. मला हसू यायचं, कारण सोसणं तिला मुळीच जमत नव्हतं, ती फक्त वाट बघत होती.

तरुणपणी सेवाग्रामला नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. तिच्याबरोबर कुसुम नावाची मैत्रीणही होती. मग काय झालं कुणास ठाऊक, तिकडून बोलावणंच आलं नाही, आणि आत्याची समजूत झाली की आपलं नाव गळलं. किती वर्षं तिनं स्वतःलाच कमी लेखलं असेल. मग एका लग्नात कुसुममावशी भेटल्या, आता निवृत्त झालेल्या. सहज म्हणाल्या, "तुझा मोठा भाऊ येऊन सांगून गेलता ना, तुझं लग्न ठरलं म्हून." आत्याचं लग्न तेव्हा ठरलं नव्हतं, आधी नाही आणि नंतरही नाही.

त्या दिवसापासून आत्याला एकच हवं होतं. मोठ्या बाबांनी तोंडानं सांगावं की मी असं केलं आणि ह्यासाठी केलं. तिनं विषय काढला की मोठे बाबा रिमोट उचलायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे. दुकान मुलाच्या हाती दिल्यावर त्यांनी बैठकीत एक छोटा स्मार्ट टीव्ही लावून घेतला होता आणि दिवाणावर लोडाला टेकून दिवसभर बातम्यांतली भांडणं बघत बसायचे. ती बोलायला लागली की आवाज वर, ती आत गेली की आवाज खाली. मी हे जिन्यावरून बघितलंय. दाराची कडी लावून घेतलेली परवडली असती, असं मला वाटायचं.

हेडफोन मी तिला आणून दिला तो निव्वळ दुपारच्या मालिकेसाठी, कारण त्या वेळी मोठे बाबा झोपत आणि टीव्हीचा आवाज त्यांना चालत नसे. त्याला वायर नाही म्हटल्यावर आत्यानं तो आधी उलटासुलटा करून पाहिला. मग बटण दाबून धरायचं, निळा दिवा लुकलुकला की टीव्हीच्या सेटिंगमध्ये जायचं, ब्लूटूथमध्ये हेडफोनचं नाव आलं की त्याच्यावर ओके करायचं, हे सगळं तिनं मला पुन्हा पुन्हा करायला लावलं. फोनवरचं चित्र टीव्हीवर कसं पाठवायचं तेही शिकली. तिला गहू निवडायची सवय, त्यामुळे घाई नव्हती.

एका संध्याकाळी तिनं आपल्या खोलीत फोनवरची भजनं ऐकायला हेडफोन चालू केला. एकदा जोडी जमलेली, त्यामुळे हेडफोननं भिंतीपलीकडून थेट टीव्हीलाच धरलं. बैठकीत बातम्या मुक्या झाल्या आणि सगळी भांडणं आत्याच्या कानात येऊ लागली. तिनं पडदा सारून पाहिलं, तर मोठे बाबा रिमोट तळहातावर आपटत होते. दुसऱ्या दिवशी ती वर आली, मला गॅलरीत नेलं आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरी, त्याचा आवाज माह्या हातात आला व."

मग तिनं जे केलं ते आठवलं की अजून माझा जीव गार होतो. रोज नाही करायची, रोज केलं असतं तर कळलं असतं. मोठे बाबा पुढे सरकून बसले, भांडण रंगात आलं, की आत्या आपल्या खोलीत बटण दाबायची. त्यांनी आवाज वाढवला की हेडफोनमध्येच कर्कश व्हायचं, म्हणून तिनं तो कानाला लावणं सोडलं आणि उशीखाली ठेवायला लागली. तिला ऐकायचं नव्हतंच. स्क्रीनच्या कोपऱ्यात हेडफोन जोडल्याची इंग्रजी पाटी उमटायची, ती मोठ्या बाबांना जाहिरात वाटायची. मेकॅनिक आला तेव्हा टीव्ही खणखणीत बोलला. तो गेला आणि पुन्हा मुका झाला. मेकॅनिकनं दुसऱ्यांदा यायचं टाळलं आणि मोठ्या बाबांना त्यांची मुलं कानाच्या डॉक्टरकडे जा म्हणू लागली. मोठी आई सगळं जाणून होती. तिनं एकदा उशी झाडताना हेडफोन पाहिला आणि होता तसा परत ठेवला.

मग एक दिवस कुसुममावशींनी आत्याच्या फोनवर जुना फोटो पाठवला. पांढऱ्या साड्यांतल्या मुली दोन ओळींत उभ्या, सेवाग्रामच्या त्यांच्या वर्गाचा. आत्यानं तो दिवसभर कुणाला दाखवला नाही. संध्याकाळी मोठ्या बाबांचे दुकानाच्या ओळीतले दोन मित्र चहाला आले होते, टीव्ही चालू होता, पण पुन्हा मुका झालेला. आत्या चहा घेऊन आली आणि तिथंच खुर्ची ओढून बसली. मी तिच्या मागे दारात उभी होते. पदराआड फोनवर तिचं बोट फिरलं आणि टीव्हीवर तो फोटो आला.

"ह्यात मी कुठं आहो, भाऊ?" तिनं विचारलं.

मोठ्या बाबांनी नेहमीसारखा रिमोट उचलला. आवाजाची पट्टी शेवटपर्यंत गेली, पण खोलीत चमच्याचाही आवाज नव्हता. ते दाबत राहिले आणि मित्र त्यांच्याकडे बघत राहिले.

"तू तिथं जाऊन काय सांगतलं?"

"लग्न ठरलं म्हून सांगतलं," मोठे बाबा रिमोटकडे बघत म्हणाले. "आपल्या घरच्या पोरी लोकाईचं हागणंमुतणं काढाले जात नाई. अन् तू गेली असती तं आईले कोनं पाह्यलं असतं?"

"आईचं मीच काढलं," आत्या म्हणाली. "हे तवाच मले सांगाचं होतं. मी तुले नाई म्हटलं असतं."

ती उठली, टीव्हीवरचा फोटो काढून घेतला, आत गेली आणि हेडफोन बंद केला. पट्टी टोकाला होतीच. बातम्या अशा ओरडल्या की एका मित्राचा चहा धोतरावर सांडला.

मोठ्या बाबांनी माफी मागितली नाही आणि आत्यानंही ती माग म्हटलं नाही. मला वाटलं होतं, कबुली मिळाली, आता संपलं. पण पुढच्या आठवड्यात टीव्ही पुन्हा मुका झाला. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, "त्यानं सांगतलं, मी ऐकलं. माफ करतो असं कोन म्हटलं?" ती असेपर्यंत मोठ्या बाबांना एकही भांडण शेवटपर्यंत नीट ऐकायला मिळालं नाही, आणि ते का, हे त्यांना कधीच कळलं नाही. लिहितानाही मला बरं वाटतंय.

गेल्या हिवाळ्यात आत्या थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन गेली. मी खूप रडले. मोठे बाबाही रडले, ते मी नाकारत नाही. तेरवीला सगळं गणगोत जमलं होतं. पंगत बसली आणि मोठे बाबा मधे उभे राहून, डोळे पुसत बोलू लागले. "बाईनं आपल्या मनानं ह्या घरासाठी जलम घातला. तिले बाहेरची हौसच नोती."

"होती," मी पानावरून म्हणाले.

बाबांनी माझा हात धरला. मी तो सोडवला आणि उभी राहिले. "तिले सिस्टर व्हाचं होतं. निवड झालती. तुम्ही जाऊन तिचं लग्न ठरलं म्हून खोटं सांगून आले. लोकाईले सांगाचं तं हे बी सांगा."

वाढणारे जागच्या जागी थांबले. मोठे बाबा आपल्या पानावर खाली बसले. कुणीतरी पोरींना आजकाल रीत राहिली नाही असं पुटपुटलं. तेवढ्यात मोठी आई वड्यांची परात घेऊन आली. तिनं न विचारता माझ्या पानात दोन वडे वाढले, आणि मोठ्या बाबांचं पान ओलांडून पुढे गेली.