गोळीच्या नावावर

ऑपरेशन करून घरी आले तेव्हा माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. छातीच्या त्या बाजूला लांब शिवण होती. काखेतल्या गाठीही काढल्या होत्या, त्यामुळे तिथली कातडी सतत ओढल्यासारखी वाटायची. पण ते सगळ्यांना दिसणारं दुखणं होतं, आणि दिसणारं दुखणं घर सांभाळून घेतं. सासूबाई माझी वेणी घालून द्यायच्या. मुलगी कॉलेजला जायच्या आधी माझ्याकडून भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम करून घ्यायची. नवरा फॅक्टरीतून सुटला की ओमतीच्या बाजारात जाऊन औषधं घेऊन यायचा आणि कोणती जेवणाआधी, कोणती नंतर, हे मला रोज नव्यानं सांगायचा.

रेडिएशन संपलं आणि मग गोळी सुरू झाली. हार्मोनची गोळी, रोज एक, काही वर्षं घ्यायची. एवढीशी पांढरी. आता सुटलो, असंच मला वाटलं होतं.

ते थंडीचे दिवस होते. शाल घेऊन बसलेली असायचे आणि एकदम छातीतून काहीतरी तापत वर यायचं. मान, कान, केसांची मुळंसुद्धा गरम व्हायची. ब्लाउज भिजायचा. मी शाल फेकून पंखा लावायचे आणि तोवर ते ओसरून हुडहुडी भरायची. सकाळी बोटं आखडलेली असायची, चहाच्या डब्याचं झाकण उघडेना. आणि रडू. भाजी खाली लागली म्हणून मी एकदा ओट्याशी उभी राहून रडले होते.

डॉक्टरांनी नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं की या औषधानं मूड बदलू शकतो. त्यानं ते फार मनावर घेतलं. मी चिडले की तो हळूच म्हणायचा, "गोळीमुळे होऊन राहिलं, जाऊ दे." सुरुवातीला मला त्याचा आधार वाटला. आपण वाईट झालो नाही, औषधाचा परिणाम आहे, असं म्हणता यायचं. पण हळूहळू घरात कोणी माझं ऐकेनासं झालं. ऐकून घ्यायचे, अगदी प्रेमानं, पण ऐकायचे नाहीत. मुलगी उशिरा घरी आली आणि मी रागावले, तर तिनं माझ्या गळ्यात हात टाकला. "आई, ये तू नहीं बोल रही, तेरी गोली बोल रही है." सगळे हसले. मीही हसले. आणि ती उशिरा का आली, ते राहूनच गेलं.

मग एका रविवारी मी अंगणात गेले तर माझी स्कूटी जागेवर नव्हती. फरशीवर नुसता तेलाचा डाग.

या स्कूटीवरून मी वर्षानुवर्षं गढा वस्तीतल्या शाळेत गणित शिकवायला जात होते. नवरा मधल्या खोलीत पेपर वाचत होता आणि सासूबाई मटार सोलत होत्या. मी विचारलं, "अहो, गाडी कुठं आहे?"

"दिली ना. रिछाईला एक ओळखीचा आहे, त्याला पाहिजे होती."

"दिली म्हणजे?"

"विकली. तशीही पडूनच राहिली होती. हातावर जोर द्यायचा नाही म्हटलंय तुला, आता कुठं चालवशील?"

"मला विचारलं?"

"तुझी तब्येत पाहून..."

"गाडी माझी होती!" माझा आवाज चढला. तेवढ्यात अंगातून ती आगही उठली. चेहरा लाल झाला असेल, घामाची तर धारच लागली.

त्यानं पेपर बाजूला ठेवला आणि अगदी मऊ आवाजात सासूबाईंना म्हणाला, "आई, पंखा लाव. गोळीमुळे होऊन राहिलं. थोड्या वेळानं शांत होईल ती."

"घाम गोळीचा आहे," मी म्हटलं. "राग माझा आहे."

मग सासूबाईंनी परात खाली ठेवली. वेणी घालताना "गोळी आहे बाई ती, तू मनाला लावून घेऊ नको" असं मला रोज समजावणाऱ्या त्याच.

"काहून विकली रे तिची गाडी?" त्या म्हणाल्या. "तिला विचारलं होतं का? मी कोणती गोळी खाऊन नाही राहिली, पण माझी वस्तू अशी दिली असती तर मी पण ओरडली असती."

तो उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा भाजी घेऊन आला. पिशवी ओट्यावर ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाला, "रस्त्यात तुझा हात अवघडला असता तर? दवाखान्यापासून मी त्याच भीतीत आहे." मला वाईट वाटलं. पण राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर तो घाबरलेला आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि मला कशाचा राग येतो हे त्याच्या.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना सरळ सांगितलं की गोळी बंद करायची आहे. आधी दर वेळी "ठीक है" म्हणून उठायचे. त्या म्हणाल्या, "अपने मन से बंद नहीं करनी है. तकलीफ़ बताइए, एक-एक करके." मी सांगत गेले. बोटं, घाम, झोप. शेवटी म्हटलं, "गुस्सा आता है. पता नहीं मेरा है या दवा का."

त्या लिहिता लिहिता थांबल्या. "दोनों का हो सकता है. लेकिन बात सही है कि नहीं, ये तो आप लोग देख सकते हैं ना?" हे बोलताना त्या माझ्याकडे नाही, शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघत होत्या.

त्यांनी गोळीची वेळ बदलली. गरमीसाठी आणखी एक औषध दिलं, रोज चालायला सांगितलं. सगळं थांबलं नाही, पण कमी झालं. सकाळी बोटं कोमट पाण्यात धरली की झाकणं उघडायला लागली. घरात "गोळीमुळे" हा शब्द लगेच गेला नाही. एकदा नवऱ्याच्या ओठावर आला आणि त्यानं तो गिळला, तेव्हा मला हसू आवरेना. मुलीला उशीर का होतो, तेही मी पुन्हा विचारलं. या वेळी तिनं सांगितलं.

हात चांगला वर जायला लागल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं. मी जुनी पण हलकी स्कूटी घेतली. नवरा सोबत आला, ब्रेक दाबून पाहिले आणि चावी माझ्या हातात दिली.

शाळेत परत गेले त्या दिवशी गढ्याच्या गल्लीत हात भरून आला होता, गाडी लावून थोडा वेळ तशीच बसून राहिले. वर्गात फळ्याच्या वरच्या भागापर्यंत हात पोचतो, पण फार वेळ टिकत नाही. म्हणून मी आता गणितं खालच्या अर्ध्यात सोडवते. मागच्या बाकावरच्या मुलींना दिसत नाही, तर त्या उभ्या राहून उतरवून घेतात.