पाहुणा वर येईपर्यंत

चावीवाल्याला बंद काही बघवत नसे. डब्याचं झाकण घट्ट बसलेलं असो नाहीतर कुणाचं तोंड मिटलेलं असो, याचे हात लगेच शिवशिवायला लागायचे. धंदाच तसा पडला. चौकाच्या कोपऱ्यावर टपरी, पुढ्यात चाव्या कापायचं यंत्र, मागे खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या आणि शर्टाच्या खिशात कायम दोन तारा, एक सरळ आणि एक टोकाशी वाकवलेली. किल्ली हरवून दारात ताटकळलेली माणसं त्याला बोलवायला यायची. हा कुलपाला कान लावायचा, तारांनी आतल्या खिळ्या एकेक करून उचलायचा आणि दार उघडलं की घरच्यांच्या आधी स्वतः आत डोकावून घ्यायचा. मजुरी राहिली तरी चालेल, पण ते डोकावणं चुकता कामा नये.

माणूस वाईट नव्हता हो. उलट जीव लावणारा होता, तीच तर पंचाईत होती. बायकोची पेटी त्याने उघडली ती बिजागरीला तेल द्यायला. लेक कॉलेजात असताना तिचं कपाट उघडलं ते, पोरगी हल्ली गप्प गप्प का असते या काळजीने. त्यानंतर लेकीने बापाशी कामापुरतं बोलणं ठेवलं आणि लग्न करून लांबच्या शहरात गेली. बायकोची आई वारली तेव्हाची गोष्ट तर सगळ्या गल्लीला पाठ होती. बाई बिचारी आतल्या खोलीत गेली, आतून कुलूप लावून घेतलं, एकटीने पोटभर रडावं म्हणून. पाच मिनिटं झाली नसतील, दार अलगद उघडलं आणि हा उभा. एका हातात चहा, दुसऱ्या हातात तारा. एकटी कशाला रडतेस, म्हणाला. तिने चहा घेतला. रडणं मात्र तिथेच थांबलं, ते पुन्हा आलंच नाही.

घरातले खेकडे बायकोचे. तिच्या धाकट्या बहिणीने पोरांच्या हट्टापायी समुद्राकाठच्या दुकानातून शंखात राहणारे दोन खेकडे आणले होते. तारेचा पिंजरा, शंखांवर भडक रंग फासलेला, खाली कोरडे खडे आणि एक वाळका स्पंज. आठवड्यात पोरांची हौस फिटली. बहीण म्हणाली, टाकून देते. ही म्हणाली, आण इकडे. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसली आणि खोदून खोदून विचारून आली. या जिवांना कल्ले असतात, ते ओलसर राहिले तरच श्वास घेता येतो. कोरड्या हवेत ते महिनोन् महिने गुदमरत मरतात आणि पाळणाऱ्याला वाटतं, किती शांत आहेत नाही? हे ऐकल्यापासून बाईला झोप लागेना. काचेची मोठी पेटी आणली, तळाला वीतभर ओली वाळू, वर घट्ट झाकण, आत हवेतला दमटपणा दाखवणारं घड्याळासारखं यंत्र. दोन वाट्या, एक गोड्या पाण्याची, एक समुद्री मिठाच्या पाण्याची, आणि नळाच्या पाण्यातलं औषध मारायला वेगळे थेंब. रंगवलेले शंख नकोत म्हणून साधे रिकामे शंख उकळून कोपऱ्यात मांडले, एकापेक्षा एक मोठे. खेकडा ते आतून बाहेरून चाचपायचा, नाक मुरडायचा, पुढच्याकडे वळायचा. कापडाच्या दुकानात तिची बहीण अशीच करायची.

मोठ्याचं नाव साहेब, धाकट्याचं पाहुणा. कुणी कौतुकाने छान पाळलेत म्हटलं की ती फटकारायची. पाळलेत कसले, समुद्रावरून उचलून आणलेत. पेटीत यांची पिल्लंसुद्धा होत नाहीत. आता आणलेच आहेत तर निदान नीट जगू देत, एवढंच आपल्या हातात. चावीवाला कधी पेटीत बोट घालून खेकड्याला ढोसायला गेला की ती त्याच्या मनगटावर चापट मारायची. हात काढा, एवढाच तिचा अर्थ. लागायची नाही ती चापट, आणि तो हसून हात काढायचा.

लेकीचं बाळंतपण आलं तेव्हा ती तिकडे गेली. जाताना दहा वेळा बजावून गेली की साहेब वाळूत शिरलाय, कात टाकतोय, आठवडे लागतील, महिनेही लागतील. अंग मऊ असतं त्या वेळी, धक्का लागला तर जीव जातो. कात टाकली की तो तीच खातो आणि ताकद धरून वर येतो. तोवर उकरायचं नाही. चावीवाल्याने मान डोलावली.

पहिले काही दिवस निभावले. फवारा मारायचा, वाट्या बदलायच्या, पाहुण्याला मीठ न घातलेला भात आणि अंड्याच्या टरफलाचा चुरा द्यायचा, सगळं इमानेइतबारे केलं. पण टपरीवर बसलं की डोळ्यांसमोर ती सपाट वाळू. मेला असेल तर? सडत असेल तर? आणि नुसतं बघायला काय हरकत आहे? कुलूप उघडावं आणि पुन्हा लावावं, कुणाला पत्ता लागत नाही, हे तर तो रोजच करत होता. एका सकाळी चमच्याने वाळू बाजूला केली. खाली साहेबाने स्वतःभोवती एक पोकळी केली होती, मुठीएवढी खोली. ती ढासळली. आत फिकट गुलाबी, ओल्या कापसासारखं काहीतरी होतं, आपल्याच जुन्या कातडीतून अर्धं बाहेर आलेलं. ते हललं. त्याने वाळू परत लोटली आणि वरून हाताने सारखी केली.

ती परतली तोवर वास सुटला होता, सडक्या माशाचा. तिने झाकण उचललं, वाळूकडे बघितलं, मग त्याच्याकडे. साहेबाला कागदात गुंडाळून कुंडीत पुरलं, सगळी वाळू बदलली, हात धुतले आणि अबोला धरला.

असे रुसवे घरात आधीही झाले होते, पण हा वेगळा होता. भांड्यांची आदळआपट नाही, बहिणीला फोनवर टोमणे नाहीत. जेवण वेळेवर. बोलायचं असलं तर ती पेटीशी बोलायची. पाहुण्या, पाणी तापलंय, कुणाला अंघोळ करायची असेल तर करावी. पाहुण्या, छत्री दाराशी ठेवलीय, कुणाला भिजायचं नसेल तर न्यावी. चावीवाला ओशाळं हसायचा. टपरीवर कुणी वहिनी कशा आहेत विचारलं तर मजेत म्हणायचा आणि कानशीने उगाच चावी घासत बसायचा. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला असं काही भेटलं होतं जे तारांनी उघडत नव्हतं. खरं सांगायचं तर त्याला घरी जायची भीती वाटायला लागली होती.

मग पाहुणाही सुस्तावला. पाण्याच्या वाटीत तासन् तास बसू लागला आणि एके दिवशी वाळूत दिसेनासा झाला. त्या दिवशी ती चावीवाल्यासमोर येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांनी तिचे डोळे त्याच्याकडे वळलेले बघून तो जेवता जेवता उठलाच.

"हा स्वतःहून वर आला, की मी बोलेन तुमच्याशी. तोवर त्यालाही उकरायचं नाही आणि मलाही."

एवढंच म्हणाली आणि आत गेली.

चावीवाल्याने दुसऱ्याच दिवशी पेटीच्या झाकणाला कडी बसवली, छोटं कुलूप लावलं आणि त्याची एकुलती एक किल्ली तिच्या उशीवर ठेवली. ज्याला कुलूप घालून काडीचा उपयोग नाही असा गल्लीत एकच माणूस, आणि त्यानेच ते घातलेलं. ती हसली नाही, पण किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. रोज तीच झाकण उघडून फवारा मारायची. तो लांब खुर्चीवर हात मांड्यांखाली दाबून बसायचा, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. आणि आश्चर्य म्हणजे त्याला ते जमायला लागलं. गिऱ्हाइकाचं दार उघडलं की तो आता बाजूला सरकून उभा राहायचा, आत बघायचा नाही. घरी तिचा फोन वाजला तर कोणाचा म्हणून मान उंचावायचा नाही. तिच्याही ते लक्षात येत होतं. त्याच्या चहात पुन्हा आलं पडू लागलं. एकदा तर पेटीकडे बघून म्हणाली की पाहुण्या, लवकर ये बाबा, मलाही बोलायचंय. ते ऐकून चावीवाला मोरीत जाऊन डोळे पुसून आला.

एके दिवशी सकाळी ती पेटीला म्हणाली की आज डोकं फार जड झालंय, दुपारी जरा पडते. दुपारी तो जेवायला आला तेव्हा ताट झाकलेलं होतं आणि आतल्या खोलीचं दार बंद. कुलूप आतून. तो जेवला, ताट घासून ठेवलं. तिची चहाची वेळ झाली तरी दार उघडलं नाही. तो दाराशी गेला. हाक मारावी का? पण झोपलेल्या माणसाला उठवणं म्हणजे उकरणंच की. हात आपोआप खिशात गेला, तारा बोटांत आल्या. त्या दाराचं कुलूप त्याला डोळे मिटून उघडता आलं असतं, एकदा उघडलंही होतं. तेवढ्यात आत काहीतरी सरकल्यासारखा आवाज झाला. जागी आहे म्हणजे, त्याला वाटलं. जागी आहे आणि तिला दार बंद हवंय.

त्याने तारा खिशात परत ठेवल्या. चहा करून कपावर बशी झाकली, दाराबाहेर स्टुलावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "चहा ठेवलाय गं बाहेर. तुला हवा तेव्हा घे."

मग टपरीवर गेला. उरलेली दुपार त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं होतं. शेजारच्या चपला शिवणाऱ्याला त्याने आपणहून सांगितलं की माणूस बदलू शकतो, कोणत्याही वयात. चपला शिवणाऱ्याने तोंडात दोरा धरूनच मान हलवली.

दिवेलागणीला घरी आला तर चहा तसाच, वर साय धरलेली. त्याने हाक मारली, दार वाजवलं, मग खांद्याने धडका मारल्या. तारा असताना धडका मारत सुटला, इतकी त्याची बुद्धी चळली होती. शेवटी तारा काढल्या तर खिळी सापडेना. आयुष्यात एवढा वेळ त्याला कुठल्याच कुलपाला लागला नव्हता. ती पलंगावरून खाली पडली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे. उजवा हात निर्जीव. डाव्या हाताने तिने दारापर्यंत जायला म्हणून खोलीतलं स्टूल ओढलेलं दिसत होतं, ते वीतभर सरकलं होतं. तिला सगळं कळत होतं, आणि हेच त्याला नंतर कधी सहन झालं नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की मेंदूत गुठळी झाली. जरा लवकर आणलं असतं तर, एवढं बोलून त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. परत येईल का, विचारलं तर आशा सोडू नका म्हणाले. नर्सने तिच्या वस्तू एका पिशवीत घालून त्याच्या हातात दिल्या. त्यात चष्मा होता आणि दोऱ्यातली ती किल्ली.

लेक तान्ह्या बाळाला घेऊन धावत आली. आईजवळ बसून राहिली, मग व्हरांड्यात बापासमोर उभी राहिली. इतक्या वर्षांचं सगळं तिच्या चेहऱ्यावर आलं होतं.

"बाबा, माझं कपाट उघडलंत. आईला रडूसुद्धा दिलं नाहीत. आणि तुम्हाला नेमकं हेच दार उघडता आलं नाही?"

मी तिचं ऐकलं, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं, पण ते कुणाला सांगायचं? लेकीनेही मग जास्त ताणलं नाही. बाळ रडायला लागलं आणि ती त्याला घेऊन फेऱ्या मारत राहिली.

बायकोला घरी आणल्यावर त्याने पलंग बाहेरच्या खोलीत हलवला, पेटीसमोर. टपरी सकाळचीच उघडायची. तिला भरवणं, कुशीवर वळवणं, पुसणं, बदलणं, सगळं तो करायचा. त्यातून वेळ काढून किल्लीने पेटीचं कुलूप उघडायचा, फवारा मारायचा, रिकाम्या दिसणाऱ्या पेटीतल्या दोन्ही वाट्या नेमाने बदलायचा आणि कुलूप लावायचा. त्याच्या हातून तारेऐवजी किल्लीने उघडलं जाणारं घरातलं ते एकच कुलूप. वाळू सपाटच. लेक म्हणाली, बाबा, तो मेला असणार, बघून घ्या एकदाचं आणि टाका. त्याने नाही म्हटलं. वास येत नाही ना, म्हणजे आहे. ती तिच्या घरी परत गेली. हा पेटीकडे बघत बसायचा, आणि बायको त्याच्याकडे. तिच्या डोळ्यांत राग होता की काय होतं, त्याला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

एका संध्याकाळी तिला पेज भरवताना वाळूचा कोपरा फुगला. आधी दोन मिशा आल्या, मग जांभळट नांगी, नवी कोरी, चकाकणारी. पाहुणा अर्धा बाहेर आला, थांबला, मग शंख ओढत कोपऱ्यातल्या मोठ्या शंखाकडे चालू लागला. अंग वाढलं होतं, जुना शंख त्याला पुरत नव्हता.

चावीवाल्याच्या हातातून चमचा पडला. पलंगाशी गुडघ्यांवर बसून त्याने तिचं तोंड पेटीकडे वळवलं.

"आला बघ वर. स्वतःहून आला. मी बोटसुद्धा लावलं नाही."

आणि थांबला. तिने डोळे भरून पाहुण्याला बघितलं. मग तिचे ओठ हलले. डावी बाजू ओढली गेली, उजवी जागची हललीच नाही. घशातून घरघर आली, तिच्या कपाळाची शीर फुगली, आणि शब्द काही आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा. तो हात जोडून म्हणाला, राहू दे गं, राहू दे. तिला थांबवायला काय करावं त्याला सुचेना. खेकडा तिच्या हातात तरी ठेवावा म्हणून त्याने घाईघाईने कुलूप काढलं, झाकण सरकवलं आणि पाहुण्याला उचलायला हात आत घातला.

तिचा डावा हात उठला. थरथरत, हळूहळू आला आणि त्याच्या मनगटावर पडला. लागेल इतकी ताकदच त्यात नव्हती.

नवं अंग अजून मऊ होतं. त्याने हात काढला, झाकण लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली तिच्या गळ्यात अडकवली. मग जमिनीवर पडलेला चमचा उचलून धुवायला घेऊन गेला. पेज निवत आली होती, आणि तिचं जेवण अजून अर्धं व्हायचं होतं.