वाळवंटाच्या नावावर घरचं मीठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण आता लपवायचासुद्धा कंटाळा आलाय.

रत्नागिरीत कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ‘वाळवंटवाल्या मॅडम’ म्हणतात मला. म्हणोत बापडे! एकाच सरांकडे संशोधन करत होतो तेव्हा वैशाली आणि मी राजस्थानातल्या एका खाऱ्या तळ्याचं पाणी आणलं होतं. एक बाटली तिची, एक माझी. असल्या उन्हात, असल्या खारटात पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेला सूक्ष्म जीव खाद्य घातलेल्या काचेच्या प्लेटवर वाढवून दाखवायचा होता. जिच्या प्लेटवर तो उगवेल, तिचं संशोधन पुढे चालणार. दुसरीचं थांबणार.

त्या जीवांना खारट खाद्य लागतं. नेमकं प्रयोगशाळेतलं शुद्ध मीठ संपलं. वैशाली म्हणाली, “थांब गो जरा, मिठाची नवी बाटली येऊ दे.” मला कुठला दम! निर्जंतुक करून ठेवलेल्या खाद्यात मी घरचं खडेमीठ टाकलं — मासळी खारवायला आणतो तेच. मिठात काय जगतंय, असं वाटलं. खारवलेला बांगडा कधीकधी मिठातल्याच जीवांनी लाल पडतो, हे बघत वाढले मी. मला कळू नये?

माझ्या प्लेटा गुलाबी झाल्या. सरांनी पेढे आणले. पण तळ्याच्या पाण्याचा थेंबही न टाकता, ताडून बघायला ठेवलेली कोरी प्लेट — तीही गुलाबी झाली होती. म्हणजे माझा जीव वाळवंटातला नव्हताच, मिठातून आलेला होता. ती प्लेट मी कुणी बघायच्या आत धुऊन टाकली.

इथवर लबाडी म्हणा. पुढचं — पुढच्याला काय म्हणायचं?

वैशाली शुद्ध मिठासाठी थांबली होती; तिच्या प्लेटांवर काहीच येईना. पाणी हिनेच खराब केलं, असं सरांनी सगळ्यांसमोर सुनावलं तिला. मी तिथेच उभी होते. ती सावर्ड्याला घरी निघून गेली. तिच्या प्लेटा पिशवीत गुंडाळलेल्या, उबेच्या कपाटात मागे तशाच राहिल्या.

काही महिन्यांनी कपाट साफ करताना मी ती पिशवी उघडली. मोहरीहून बारीक, पांढरे ठिपके. प्रत्येक प्लेटवर. तिच्या कोऱ्या प्लेटवर मात्र एकही नाही. खरा जीव आला होता हो — सावकाश, त्याच्या चालीने. दोन्ही बाटल्यांतलं पाणी केव्हाच संपलं होतं. जे काय उरलं होतं ते तेवढंच.

वैशालीचा नंबर पाठ होता मला. मी त्या प्लेटा निर्जंतुक करायच्या मोठ्या कुकरात घातल्या, झाकण आवळलं आणि वाफ धरेपर्यंत शेजारी उभी राहिले. घाबरले होते का? होते. पण झाकण पुन्हा उघडलं नाही मी.

वैशाली आता इथे रत्नागिरीतच शिकवण्या घेते. परवा बाजारात भेटली. मुलांकडून काही प्रयोग करून घेतेस का, म्हणून मी विचारलं. खळखळून हसली मेली.

“छे गो! माझ्या हातून कधी काय उगवलंय? प्रयोगाला तुझ्याकडेच पाठवते त्यांना.”

“पाठव की,” मी म्हटलं.