रिकामी खुंटी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही. बिल्ला माझ्याच खिशात होता.

दोमाजी नागपुरातल्या सक्करदऱ्याचे, विणकराच्या घरातले. हातमाग बंद पडल्यावर माझ्या ओळखीने परगावी मेट्रोच्या कामावर आले. जमिनीखाली स्टेशन खणलं जात होतं. उतरायच्या जागी एक फळा, त्यावर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर नंबराचा पत्र्याचा बिल्ला. खाली जाताना आपला बिल्ला सोबत न्यायचा, वर आलं की अडकवायचा. रिकामी खुंटी म्हणजे माणूस अजून खालीच. त्या फळ्याची राखण दोमाजींकडे.

कुणी तसाच चहाकडे वळला की मागून हाक येई, "काहून गा, अर्धा खालीच ठेवून आला का?" मी सुपरवायझर, पण मलाही सूट नव्हती. "साहेब असशीन तू तुह्या घरी. खुंटी रिकामी दिसली का मले भाकर गिळत नाही."

दिवाळीला नागपूरची गाडी गाठायच्या घाईत मी पलीकडच्या जिन्याने वर आलो आणि थेट रिक्षात बसलो. फोन बंद पडलेला. तासाभरात खाली भिंतीतून पाणी फुटलं. सगळे वर आले, एक खुंटी रिकामी राहिली. माझी. दोमाजी कुणाचं न ऐकता मला हाका मारत उतरले, ओल्या शिडीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं.

चौकशीत मी म्हणालो, "बिल्ला मी दोमाजींच्या हातात दिला होता."

त्यांना घरी आणल्यावर भेटायला गेलो. खाटेवरून म्हणाले, "तू खाली नव्हता ना, मंग झालं." मग चौकशीतलं माझं बोलणं त्यांनीच काढलं. "तू देल्लाच असशीन गा. मीच इसरलो. डोकं चालून नाही राहिलं आता."

मी चहा अर्धा टाकून उठलो.

पुढे म्हणे ते दारातल्या चपला मोजायचे, आणि आपला भरवसा नाही म्हणून बायकोला, पार्वताबाईंना, पुन्हा मोजायला लावायचे. मागच्या वर्षी गेले. तेरवीला मी बिल्ला खिशात घालूनच गेलो होतो. पार्वताबाई म्हणाल्या, "लय इसरभोळे झाले होते हो भाऊ. त्या बिल्ल्यापासूनच." मी मान हलवली, जेवलो, घरी आलो.

आता इथल्या, नागपूरच्या मेट्रोचा जिना चढतानाही हात आपोआप खिशात जातो. बिल्ला कपाटात आहे, कधी या कप्प्यात, कधी त्या.

दोमाजी काहीही विसरले नव्हते. एवढं पार्वताबाईंना सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.